शेवटच्या धावपटूपर्यंत रस्ता

पावसाळा सरला आणि पहाटेची हवा थोडी गार झाली की गोव्यात धावण्याच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्याबरोबर एक वादही दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. रविवारी सकाळी रस्ता बंद झाला की चर्चमधल्या प्रार्थनेला निघालेले वृद्ध अडकतात, मासळी घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांना लांबचा वळसा पडतो, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) रुग्णाला नेणाऱ्याला चौकाचौकांत पोलिसांची विनवणी करावी लागते. यावर आयोजक सांगतात की अशा स्पर्धांमुळे राज्याचे नाव होते, हॉटेलांच्या खोल्या भरतात आणि तरुण मुले व्यायामाकडे वळतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ज्याच्या नावावर हा रस्ता मागितला जातो तो सामान्य धावपटू, त्यातही सर्वांत मागे राहिलेला, या चर्चेत कुठेच नसतो. माझे म्हणणे असे आहे की शहरातल्या मॅरेथॉनला सार्वजनिक रस्ता मागण्याचा जो काही नैतिक अधिकार आहे, तो या मागच्या धावपटूंमुळेच आहे. म्हणून शर्यतीला परवानगी द्यायची की नाही आणि झालेली शर्यत चांगली होती की वाईट, हे शेवटच्या धावपटूला काय अनुभव आला त्यावरून ठरवले पाहिजे.

सर्वांत वेगवान माणूस कोण एवढेच शोधायचे असेल तर त्यासाठी शहर अडवण्याची काहीही गरज नाही. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे याने मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पार केले, ते व्हिएन्नातल्या एका उद्यानाच्या सरळ रस्त्यावर फेऱ्या मारून. उत्तम धावपटूला सपाट जमीन, गार हवा आणि अचूक मोजलेले अंतर पुरते. शहर लागते ते इतरांना: बँकेतल्या कारकुनाला, निवृत्त शिक्षिकेला, मधुमेहाचे निदान झाल्यावर चालायला आणि मग धावायला लागलेल्या गृहस्थाला, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला. आपल्या रोजच्या रस्त्यावरून, ओळखीच्या माणसांच्या समोरून, गाडीची भीती न बाळगता धावता येणे हाच त्यांच्यासाठी या दिवसाचा अर्थ असतो. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गात धावण्याची आवड रुजली, ती अशा हजारोंमुळे. आपल्याकडे वास्कोजवळच्या चिखलीत, झुआरीच्या काठाने होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन याच माणसांनी भरते. २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा झालेली आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा कितीतरी अवघड, तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे आणि ९० किलोमीटर सायकल झाल्यावर २१.१ किलोमीटर धावावे लागते, पण तिथेही बहुसंख्य लोक आलेले असतात ते स्वतःची मुदत गाठायला, पदक जिंकायला नव्हे.

आता या माणसांच्या वाट्याला नेमके काय येते ते पाहू. डिसेंबरात गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. फुल मॅरेथॉन पहाटे चारला सुटली असे धरले, तर पहिला येणारा अडीच-पावणेतीन तासांत, म्हणजे ऊन पडायच्या आधीच, शर्यत संपवून मोकळा होतो. मुदत सात तासांची असेल तर शेवटच्या धावपटूला अकरा वाजेपर्यंत रस्त्यावर राहावे लागते, म्हणजे चार तास तो उन्हात असतो. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारचे तापमान ३२-३३ अंशांपर्यंत जाते. शिवाय हवेतला दमटपणा इतका की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. आणि शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे, घाम आल्यामुळे नव्हे. शरीरातला ग्लायकोजनचा, म्हणजे स्नायूंना इंधन पुरवणाऱ्या साखरेचा, साठाही साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर संपत आलेला असतो. थोडक्यात, सर्वांत कमी तयारीच्या माणसाला सर्वांत कठीण हवामानात, सर्वांत जास्त वेळ धावावे लागते. हा काही आयोजकांचा दोष नव्हे, निसर्गाचे गणितच तसे आहे. परंतु गणित असे असताना पाणी, बर्फ, डॉक्टर आणि पोलीस यांची सगळी जमवाजमव पहिल्या दोन-तीन तासांसाठी करायची आणि नंतर एकेक करून ती आवरत न्यायची, हा मात्र माणसांनी घेतलेला निर्णय असतो आणि तो बदलता येतो.

काही वर्षांपूर्वी एका शर्यतीत मी चौतिसाव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक होतो. माझ्याबरोबरची बहुतेक मुले उच्च माध्यमिकची होती, पहाटे तीनपासून जागी होती आणि मनापासून काम करत होती. सव्वानऊला फोन आला की टेंपो निघाला आहे, टेबल आवरा. मुदत संपायला तेव्हा पावणेदोन तास बाकी होते. मुलांनी वीस लिटरच्या बाटल्या उलट्या करून उरलेले पाणी रस्त्याकडेच्या झाडांना घातले, ओले कागदी पेले गोणीत कोंबले, टेबलांचे पाय मिटले. टेंपोत सामान चढत असताना पन्नाशीच्या एक बाई वळणावरून आल्या. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाच्या, म्हणजे बिबच्या, एका कोपऱ्याची पिन सुटलेली होती, कपाळावर आणि कानांच्या पुढे मिठाचे पांढरे पापुद्रे धरलेले होते आणि पाऊल उचलताना उजवा पाय किंचित फरफटत होता. त्यांनी विचारले, "पाणी आसा?" पाणी नव्हते. रस्त्यापलीकडच्या गाड्यावरच्या माणसाने बर्फाच्या पेटीतली एक बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि पैसे घ्यायला तो तयार होईना. त्या निघाल्या, पण पुढच्या चौकातले अडथळेही काढून झालेले होते, आणि उरलेले आठ किलोमीटर त्यांनी भाड्याच्या दुचाक्यांवरून समुद्राकडे निघालेल्या पर्यटकांच्या गर्दीतून पार केले. निकालाच्या यादीत त्यांचे नाव मी नंतर मुद्दाम शोधले. त्या मुदतीच्या आत पोचल्या होत्या. म्हणजे आयोजकांच्या स्वतःच्या नियमानुसार त्या शर्यतीत होत्या, आणि शर्यत मात्र त्यांना वाटेत सोडून घरी गेलेली होती.

ही एखाद्या शर्यतीतली चूक म्हणून सोडून देता आली असती. पण धावणाऱ्या मंडळींत बसून ऐकले तर हाच अनुभव वेगवेगळ्या तपशिलांनी पुन्हा पुन्हा कानावर येतो: केळी संपली होती, गोळा आलेल्या पायावर मारायचा स्प्रे संपला होता, पदक मिळाले पण आपल्या मापाचा टी-शर्ट उरला नव्हता, अंतिम रेषेवरची कमान उतरवायला सुरुवात झाली होती. टी-शर्टाचे दुःख कुणी फार दिवस करत नाही. पाण्याचे करावे लागते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण "भरपूर पाणी ठेवले होते" हे आयोजकांचे ठरलेले उत्तर असते आणि ते अपुरे आहे. लांब अंतराच्या शर्यतीत धोका दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे उष्माघात. तो मागच्यांनाच होतो असे नाही. दहा किलोमीटर जिवाच्या आकांताने पळणाऱ्या तरुणालाही होतो, किंबहुना जोरात धावणाऱ्याच्या शरीरात उष्णता जास्त निर्माण होते. दुसरा धोका उलटा आहे: गरजेपेक्षा जास्त साधे पाणी प्यायल्याने रक्तातल्या सोडियमचे प्रमाण उतरणे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावपटूंच्या रक्ताचे नमुने तपासले गेले, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ टक्के धावपटूंचे सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. ज्यांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले होते आणि ज्यांना अंतर पार करायला चार तासांहून जास्त लागले होते, त्यांच्यात ते अधिक होते. हा धोका मागच्या गटाचा आहे. आणि पुढच्या टेबलावर पाणी मिळेल याचा भरवसा नसला की माणूस मिळेल तिथे दोन-दोन बाटल्या रिचवतो, हे मी टेबलापलीकडे उभा राहून पाहिलेले आहे. त्यामुळे ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या वेळेपर्यंत, मोजके पाणी आणि त्याच्याबरोबर मीठ असलेले काहीतरी मिळणे ही मागच्या धावपटूची खरी गरज आहे. ओआरएस असो, मीठ लावलेली काकडी असो किंवा आपले मीठ घातलेले कोकम सरबत असो. यांतले काहीच महाग नाही. गोंधळलेल्या, धडपडणाऱ्या धावपटूला आणखी पाणी पाजायचे की थांबवायचे, हे ओळखणारा एक तरी प्रशिक्षित माणूस शेवटच्या तासात मार्गावर हवा. प्रत्यक्षात डॉक्टर अंतिम रेषेजवळच्या तंबूत असतात आणि मार्गावर उरतात ती सतरा वर्षांची मुले.

उष्माघाताच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचे सांगणे तर अगदी स्पष्ट आहे. आधी थंड करा, मग इस्पितळात न्या. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात रुग्णाला तिथल्या तिथे बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो, आणि पहिली काही मिनिटे निर्णायक असतात. रुग्णवाहिका उभी आहे म्हणून निश्चिंत राहणे त्यामुळे चुकीचे ठरते. गोव्यात बर्फ मिळत नाही असे तर कुणी म्हणू नये. मालीमच्या आणि खारवीवाड्याच्या धक्क्यांवर ट्रॉलरमध्ये लादीच्या लादी बर्फ चढत असतो. पणजीत किंवा वास्कोत होणाऱ्या शर्यतीपासून हे धक्के काही किलोमीटरांवर आहेत. शर्यतीच्या पहाटे थोडा चुरलेला बर्फ आणि दोन-तीन मोठे टब एवढ्या गोष्टीसाठी प्रायोजक शोधावा लागू नये.

परदेशातल्या मोठ्या शर्यतींनाही हा धडा अनुभवातूनच मिळाला आहे. ७ ऑक्टोबर २००७ रोजी शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी अवेळी उकाडा झाला, पारा ३१ अंशांपर्यंत चढला, आणि सुटल्यापासून साधारण साडेतीन तासांनी आयोजकांना शर्यत थांबवावी लागली. वेगवान मंडळी तोपर्यंत घरी पोचली होती. मार्गावर पाणीच मिळाले नाही अशी तक्रार मागच्या धावपटूंनी केली. लंडनमध्ये २०१९ साली प्रश्न उन्हाचा नव्हता. साडेसात तासांत शर्यत संपवण्याच्या वेगाने चाललेल्या अधिकृत गटाबरोबर धावणाऱ्यांना सफाई पथकाकडून त्यांच्या वजनावरून आणि संथपणावरून टोमणे ऐकावे लागले, त्यांच्या डोळ्यांदेखत टेबले उचलली गेली, आणि आयोजकांना जाहीर माफी मागावी लागली. पुढे त्या शर्यतीत सर्वांच्या मागून चालणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक ठेवण्यात आले. शेवटच्या धावपटूच्या मागे आपले माणूस आहे आणि ते पुढे सरकल्याशिवाय काहीही आवरायचे नाही, ही साधी व्यवस्था आहे. तिला पैसा फारसा लागत नाही, पण सकाळी अकरा वाजेपर्यंत थांबायची तयारी लागते.

याचा अर्थ मुदत असू नये असा मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ८८ किलोमीटरांची, १९२१ पासूनची शर्यत. तिथे बारा तासांची मुदत संपताच बंदुकीचा बार होतो आणि त्यानंतर एका पावलाने उशीर झालेल्यालाही पदक मिळत नाही. ते कठोर आहे, पण त्या क्षणापर्यंत प्रत्येक धावपटूला शर्यतीचा पूर्ण मान मिळतो, आणि लोक शेवटच्या मिनिटांतल्या धावपटूंसाठीच थांबलेले असतात. मला खटकते ती लवचीक मुदत: नोंदणीच्या वेळी सात तासांचे आश्वासन द्यायचे, त्या आश्वासनावर शुल्क घ्यायचे आणि रस्ता पाच तासांतच गुंडाळायचा. सहा तास देता येत असतील तर सहाच जाहीर करावेत. सहा तासांत संपवायचे म्हणजे दर किलोमीटरला सुमारे साडेआठ मिनिटे. ज्याला ते जमणार नाही तो नोंदणी करणार नाही, निदान फसवला तरी जाणार नाही.

इथे रहिवाशांचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मागच्या धावपटूला न्याय द्यायचा तर रस्ता अधिक वेळ बंद ठेवावा लागतो, आणि त्याची किंमत ज्यांनी शर्यत मागितलीच नव्हती त्यांना मोजावी लागते. पणजीत आधीच खोदकामांनी लोकांची सहनशक्ती ताणलेली आहे. कार्निव्हल, शिगमो, सरकारी सोहळे यांसाठीही रस्ते अडतात. दोनापावल्याहून शहरात यायला सोयीचे रस्ते आहेतच किती? या परिस्थितीत माझे मत अनेक धावपटू मित्रांना आवडणार नाही, पण ते मांडणे भाग आहे: ज्या शहराला शेवटच्या धावपटूपर्यंत रस्ता देता येत नाही, त्या शहराने फुल मॅरेथॉन भरवू नये. हाफ भरवावी. २१ किलोमीटरांना साडेतीन तास दिले तरी दर किलोमीटरला जवळपास दहा मिनिटे मिळतात, म्हणजे जलद चालणाराही पूर्ण करू शकतो. पहाटे पाचला सुटली तर साडेआठला रस्ता मोकळा होतो, आणि बहुतेकांचे धावणे ऊन चढायच्या आत संपते. गोव्याच्या हवेला हेच अंतर मानवते. फुल मॅरेथॉनचा हट्ट बहुतेक वेळा बाहेरगावच्या धावपटूंना ओढण्यासाठी असतो. मुंबई, पुणे, बेंगळुरूहून आलेल्यांचे स्वागत आहे, त्यांच्यामुळे शर्यतीला रंगत येते. पण त्यांच्या नोंदणीसाठी आपल्याला न पेलणारे अंतर ठेवणे आणि मग ते अर्धवट निभावणे यात पाहुण्यांचाही मान राहत नाही.

फुल ठेवायचीच असेल तर मार्ग लहान फेऱ्यांचा करावा. सुमारे साडेदहा किलोमीटरांच्या वर्तुळात चार वेळा धावणे कंटाळवाणे आहे हे मला मान्य आहे. परंतु त्यामुळे अडवावा लागणारा रस्ता चौथ्या हिश्शावर येतो, पाण्याची टेबले कमी लागतात, तीच माणसे शेवटपर्यंत पुरतात, आणि मागचा धावपटू ओसाड रस्त्यावर एकटा पडत नाही. रहिवाशांना कुठला भाग किती वाजेपर्यंत बंद आहे हे आठवडाभर आधी, मराठी आणि कोंकणीत, चर्चच्या आणि देवळाच्या फलकांवर वाचायला मिळाले पाहिजे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळा काही गुपित नसतात. मार्ग आखणाऱ्याने पाद्रींना एकदा भेटून घेतले तर निम्मी कटुता टळेल.

एकटे पडण्याचा मुद्दा स्त्रियांच्या बाबतीत आणखी टोकदार होतो. ऊन चुकवण्यासाठी शर्यत चारला सोडली की पहिले अडीच तास अंधारात जातात, आणि शहराच्या वेशीबाहेर दिवे असतातच असे नाही. पुढचा घोळका निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला अंधार, भटकी कुत्री आणि रात्रभर जागून परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या या तिन्हींशी एकटीने निभावावे लागते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल उजाडावे लागले. आपल्या गावांत चाळिशीनंतर धावायला लागलेल्या बायकांची पिढी तर आत्ता कुठे पुढे येते आहे. त्या वेगाने धावत नाहीत, पण वर्षभर घरचे सगळे उरकून, पहाटे उठून, दोघी-तिघी मिळून सराव करतात. एक वाईट शर्यत त्यांना कायमची घरी बसवू शकते. त्यांच्यासाठी मागून चालणारे पथक आणि उजेड ही सवलत नाही, शर्यतीची मूळ अट आहे.

म्हणून परवानगी देणाऱ्या यंत्रणांकडे, म्हणजे जिल्हा प्रशासन, वाहतूक पोलीस, महापालिका आणि पंचायती यांच्याकडे, माझी मागणी आहे. परवानगीच्या पत्रातच लिहिलेले असावे की जाहीर केलेली मुदत संपेपर्यंत, किंवा शेवटचा धावपटू पुढे जाईपर्यंत, त्या-त्या ठिकाणचे पाणी, पोलीस आणि स्वयंसेवक हलणार नाहीत. धावपटू गटागटाने सोडले जात असतील तर मुदत शेवटचा गट सुटल्यापासून मोजली जाईल. अंतिम रेषेवर आणि मार्गावर एका ठिकाणी बर्फाचे टब असतील. आणि तापमान, दमटपणा व ऊन एकत्र मोजणारे यंत्र लावून ठरावीक पातळीनंतर शर्यत थांबवण्याचा अधिकार वैद्यकीय प्रमुखाला असेल, प्रायोजकाला नव्हे. या अटींसाठी अनामत रक्कम घ्यावी आणि अटी मोडल्यास ती परत करू नये. शर्यतीनंतर महिन्याभरात आयोजकांनी अहवाल द्यावा: किती जण सुटले, किती पोचले, किती जणांवर उपचार झाले, शेवटचा धावपटू किती वाजता पोचला, प्रत्येक टेबल किती वाजता आवरले आणि रस्त्याचा प्रत्येक भाग किती वाजता खुला झाला. तो अहवाल रहिवाशांना आणि धावपटूंना वाचायला खुला असावा, आणि ज्यांनी तो दिलेला नाही त्यांचा पुढच्या वर्षीचा अर्ज स्वीकारला जाऊ नये.